डोळे उघडण्याचं औषध

माझ्या झोपेबद्दल आमच्या घराण्यात दोन मतं नाहीत. एरवी ज्यावर दोन मतं नाहीत अशी गोष्ट आमच्या घराण्यात सापडणं कठीण. शेताच्या बांधापासून ते वरणात गूळ घालावा की नाही इथपर्यंत प्रत्येक प्रश्नावर आमच्याकडे निदान तीन पक्ष आहेत आणि त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत. पण मी झोपाळू आहे, या मुद्द्यावर सगळे एक होतात. आमचे वडील मला उठवायला तांब्याभर पाणी वापरत. पुढं पुढं घागर वापरू लागले. शेवटी शेवटी तर, "विहिरीत टाकला तरी हा तळाशी जाऊन कूस बदलंल," असं म्हणून त्यांनी तो नाद सोडला.

नांदेडात माझी उभी हयात गेली. आमच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात मध्यरात्र उलटली की गोदावरीचं पाणी घागरीतून आणतात आणि देवाची सेवा सुरू होते. थंडी असो, पाऊस असो, त्यात खंड नाही. गावात एकीकडे अशी माणसं, आणि दुसरीकडे मी! एका गावात किती प्रकारची माणसं राहू शकतात, याचं हे उदाहरण म्हणून दाखवायला हरकत नाही. नोकरीत असताना मी खुर्चीत बसून डोळे उघडे ठेवून झोपायची विद्याही साध्य केली होती. तिचा उपयोग निवृत्तीनंतर राहिला नाही, कारण आता डोळे मिटूनही झोपता येतं.

तर अशा माणसाला तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात, ऐन सकाळी अकरा वाजता, लातूरहून अक्काचा फोन आला.

"नुसतं झोपलालास काय तिथं? उठ, अन् इकडं ये. बागंची छाटणी चालू झालीय. पेस्ट लावायला माणसं मिळंनात."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दाजींची औसा तालुक्यात द्राक्षाची बाग आहे. औशाकडची द्राक्षं गोड असतात आणि औशाकडची माणसं तिखट असतात. दोन्ही मला सोसतात. पण 'पेस्ट लावायची' म्हणजे काय, ते मला कळेना. मी आजवर फक्त दाताला पेस्ट लावली होती, तीही रोज नाही.

"पेस्ट कशाला लावायची?"

"डोळ्याला," अक्का म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी एस.टी.त बसलो. लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावं मी आयुष्यात किमान साठ वेळा ओलांडली आहेत. ती पाहायचा योग मात्र अजून आलेला नाही. कंडक्टरनं लातूरला हलवून उठवलं. औशाची गाडी धरली. तिथंही डुलकी झाली. मळ्यात पोचलो तेव्हा दाजी लिंबाखाली खाटेवर बसले होते. समोर माझी भाची एक प्लॅस्टिकची बादली, लाकडी काठी आणि हातमोज्यांचा ढीग घेऊन उभी होती. एखादं मोठं ऑपरेशन निघावं, तसा थाट होता.

भाची लातूरच्या कृषी महाविद्यालयात शिकते. त्याआधी दोन वर्षं तिनं लातूर पॅटर्न भोगला होता. लातूर पॅटर्न म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पोर पहाटे चारला उठवायचं, रात्री अकरापर्यंत जागवायचं आणि मधल्या वेळात सराव परीक्षा द्यायला लावायच्या. दाजींना तिला डॉक्टर करायचं होतं. तिनं परीक्षा दिली, मार्कही बरे पडले, पण तिनं सरळ सांगितलं, "बाबा, मला माणसाची नाडी बघायची नाही. मला झाडाची बघायची." दाजी तीन दिवस जेवले नव्हते. म्हणजे घरी जेवले नव्हते.

"मामा, डोळे म्हणजे हे," भाचीनं वेलीची एक काडी माझ्यापुढं धरली. काडीच्या प्रत्येक पेरावर एक तपकिरी गोळी होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी. द्राक्षवाले तिला डोळा म्हणतात. एका काडीवर आठ-दहा डोळे. एकरभर बागेत किती होतील, याचा मी हिशेब करू लागलो आणि एवढे डोळे मिटून कुणीतरी आपल्यापेक्षा गाढ झोपलंय, या कल्पनेनं मला त्या वेलीबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

"हे सगळे झोपलेत?"

"तीच तर अडचण आहे. धड झोपलेही नाहीत, धड जागेही नाहीत."

मग तिनं मला शिकवलं. मी समजलो ते असं : द्राक्षाची वेल मुळात थंड मुलखातली. तिकडं दिवस लहान झाले, थंडी पडली की पानं गळतात आणि वेल झोपते. गंमत अशी, की झोप पुरी व्हायलाही थंडीच लागते. कडाक्याच्या थंडीचे ठरावीक तास अंगावरून गेले की डोळ्याचा आतला हिशेब पुरा होतो, आणि वसंतात ऊब आली की सगळे डोळे एकदम उघडतात. आता आपल्याकडं बघा. मराठवाड्यात ऋतू दोन, उन्हाळा आणि त्याची तयारी. थंडी म्हणाल तर स्वेटर पेटीतून काढून शेजाऱ्याला दाखवण्यापुरती. त्यातून आपली द्राक्षाची छाटणी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे थंडी यायच्या आधीच. कारण पीक फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत तयार व्हायला हवं. म्हणजे वेलीला झोपायलाच न देता आपण तिला उठवायला निघालेलो!

आपल्याकडं वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. नावंच इतकी बोलकी आहेत की मला त्यात आयुष्याचं सार दिसलं. पण अक्का चहा घेऊन आली, त्यामुळं सार राहून गेलं. खरड छाटणीनंतर नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत ऐन उन्हाळ्यातच पुढच्या घडाची पुडी बांधून ठेवलेली असते. गोडी छाटणीआधी चार-दोन काड्या प्रयोगशाळेत नेऊन, डोळे चिरून, सूक्ष्मदर्शकाखाली घड आहे की नाही ते बघतात. याला डोळे तपासणी म्हणतात. आमच्या नांदेडात डोळे तपासणीला म्हाताऱ्यांची रांग लागते. इथं काड्यांची लागते.

छाटणी केल्यावर काय होतं? टोकाचा डोळा आधी फुटतो आणि खालचे त्याच्याकडं बघत बसतात. एकत्र कुटुंबात थोरला भाऊ बोलायला लागला की धाकटे जसे जमिनीवर बोटानं रेघा ओढतात, तसंच. एक काडी आठव्या दिवशी जागी, दुसरी विसाव्या दिवशी, तिसरीचा पत्ताच नाही. मग एका वेलीवर एक घड फुलोऱ्यात, दुसरा ज्वारीएवढ्या मण्यांचा. फवारणी कुणासाठी करायची, विरळणी कधी करायची, व्यापाऱ्याला काय सांगायचं? म्हणून सगळे डोळे एकदम उघडायला हवेत. आणि त्यासाठी ही पेस्ट. हायड्रोजन सायनामाइड. छाटणी झाली की एक-दोन दिवसांत टोकाकडच्या तीन-चार डोळ्यांना लावायची. लिटरभर पाण्यात तीस-चाळीस मिली. कमी पडली तर डोळा उघडत नाही, जास्त झाली तर जळतो. कुठली काडी झाली, कुठली राहिली हे कळावं म्हणून त्यात रंग कालवायचा.

"पण हे औषध करतं काय? गुदगुल्या करतं?"

"गुदमरवतं," भाची म्हणाली.

शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की हे रसायन डोळ्यातल्या एका विकराची वाट अडवतं. कॅटलेज त्याचं नाव. त्याचं काम पेशीत साचणारं हायड्रोजन पेरॉक्साइड झाडून काढण्याचं. झाडूवालाच अडवल्यावर कचरा साचणार. डोळ्याचा श्वासोच्छ्वास बिघडतो, त्याला वाटतं आता आपली धडगत नाही, आणि तो झोप टाकून उठतो. माझ्या वडिलांची घागरीची पद्धत शास्त्रशुद्ध होती, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळलं.

ही युक्ती तशी जुनी. योहान्सेन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं 1900 च्या सुमाराला लायलॅकच्या झुडपांना ईथरच्या वाफेत कोंडून ऐन हिवाळ्यात फुलं आणून दाखवली. ईथर म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी माणसाला झोपवायचं ते! माणूस ज्यानं झोपतो, त्यानं झाड उठतं. याच गृहस्थानं पुढं 1909 मध्ये 'जीन' हा शब्द जगाला दिला. 1920 नंतर अमेरिकेत डेनी नावाच्या शास्त्रज्ञानं बटाट्यांना रसायनं देऊन उठवलं. इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी 1983 मध्ये द्राक्षाच्या डोळ्यांवरचे सायनामाइडचे प्रयोग छापले. आणि जपानी लोकांनी काय करावं? 1992 मध्ये लसणाच्या पेस्टनं द्राक्षाचे डोळे उघडतात, असं त्यांनी दाखवलं. लसणाचं नाव निघताच अक्का म्हणाली, "मग मी इतकी वर्षं चटणी कुटतेय, ह्याचे डोळे कसे उघडंनात?"

दुसऱ्या दिवशी मला हातमोजे, चष्मा आणि जुना रेनकोट चढवून बागेत उतरवण्यात आलं. हे औषध अंगाला लागलं की कातडी भाजते, म्हणून भाचीनं कुणालाही उघड्या हातानं काम करू दिलं नाही. ऑक्टोबरचं ऊन, त्यात रेनकोट! मी स्पंजचा तुकडा पेस्टमध्ये बुडवून एकेका डोळ्याला अलगद लावू लागलो. माझी अर्धी ओळ होईपर्यंत शेजारच्या ओळीतल्या बाया टोक गाठून परत आल्या. त्यातली एक थांबून बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, पेस्ट लावा की. काजळ काय घालता?"

त्या संध्याकाळी अक्कानं मला विहिरीकडं नेलं आणि खरं कारण सांगितलं. माणसं मिळत नव्हती हे खरं, पण माझ्यासारखा माणूस मिळाल्यानं त्यात काही भर पडणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. कारण वेगळंच होतं.

2016 चा उन्हाळा मराठवाडा विसरायचा नाही. त्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. साऱ्या देशानं ती गाडी वर्तमानपत्रात बघितली. पण रेल्वे शहराला आली, बागेला कशी येणार? दाजींनी टँकर लावले, दागिने मोडले, आणि तरीही मे महिन्यात अडीच एकर बाग स्वतःच्या हातानं कुऱ्हाडीनं तोडली. अकरा वर्षांची वेल होती. त्यानंतर दाजी संध्याकाळी 'जरा जाऊन येतो' म्हणू लागले. उरलेली बाग उभी राहिली, नवी लावली, पाऊसही पुढं चांगले झाले, पण 'जरा जाऊन येतो' काही थांबलं नाही. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग दुपारीही. दाजींच्या तोंडून कधी शिवी आली नाही, हात तर कधीच नाही. फक्त माणूस घरात असून नसल्यासारखा झाला. जागाही नाही आणि झोपलेलाही नाही.

"आता ह्या औषधाची गंमत ऐक," अक्का म्हणाली. "ह्याला हात लावला की दारू चालत नाही. आधी नाही, नंतरबी कैक दिवस नाही. बाटलीवरच लिवलंय. पोरीनं काय केलंय, बागंचे चार भाग पाडलेत. दर आठ दिवसाला एक छाटायचा. अन् पेस्ट कालवायची ती बाबांनीच, दुसऱ्याच्या हाताला प्रमाण जमत नाही म्हणून. म्हंजे महिनाभर त्यांना घेताच येत नाही."

मी भाचीकडं बघितलं. ती पलीकडं बादली विसळत होती. चार टप्प्यांत छाटणी बरेच लोक करतात, माल एकदम बाजारात येऊ नये म्हणून. पण या टप्प्यांमागचं गणित कुठल्या पुस्तकात नव्हतं.

"त्यांना ठाऊक आहे?"

"समदं सांगितलंय. लपवून काय करायचं? हौ म्हणाले. पहिला आठवडा निभला. पण उद्या कोजागरी. मित्रमंडळ येणार. मी सैपाकात, पोरगी दुधापाशी. तू फक्त त्यांच्याजवळ जागा राहा."

म्हणजे मला जागल्या नेमलं होतं! अख्ख्या घराण्यात जागल्या म्हणून नेमायला अक्काला मी सापडलो, यावरून ती किती एकटी पडली होती ते मला कळायला हवं होतं. मला त्या वेळी फक्त हसू आलं.

कोजागरीचं चांदणं मळ्यात बघावं. मांडवावर नुसत्या छाटलेल्या काड्या, त्यांच्या टोकांना लाल ठिपके, आणि वर चंद्र. चुलीवर दूध आटत होतं. लक्ष्मी मध्यरात्री येऊन 'कोण जागं आहे?' असं विचारते म्हणतात. मी दाजींच्या खाटेशेजारी खाट टाकून बसलो होतो. दाजी छान बोलत होते. प्रबोधिनी एकादशीचा विषय निघाला. "देव चार महिने झोपतो, पाव्हणं," दाजी म्हणाले, "अन् कार्तिकात उठतो. त्याला कुणी पेस्ट लावत नाही. त्याची झोप पुरी होते. आपली होत नाही, म्हणून आपल्याला लावावी लागते." मी हसलो. वारा गार होता. दूध मसालेदार होतं. मी दोन पेले घेतले. एवढंच मला आठवतं.

लक्ष्मीनं विचारलं असेल, तर तिला माझं घोरणं ऐकू गेलं असेल.

उठलो ते भाचीच्या हाकेनं. दाजी खाटेवर नव्हते. मोटारीच्या खोलीमागं मित्रमंडळ पांगलं होतं आणि दाजी भिंतीला टेकून बसले होते. चांदण्यातही कळत होतं, तोंड कुंकवासारखं लाल, मानेपर्यंत लाल. छाती धाडधाड उडत होती, घाम सुटला होता, आणि ते एकच वाक्य बोलत होते, "अर्धाच पेला, पाव्हणं. अर्धाच पेला."

गाडीत घालून औशाला दवाखान्यात नेलं. भाचीनं बाटलीचा कागद सोबत घेतला होता आणि दारातच डॉक्टरांना सगळं सांगितलं. सलाइन लागलं. रक्तदाब खाली गेला होता. तो चढेपर्यंत डॉक्टर दर पंधरा मिनिटांनी येऊन बघत होते. अक्का बाकावर बसली होती, आणि मी तिच्या तोंडाकडं बघू शकत नव्हतो. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या रात्री मी क्षणभरही झोपलो नाही. कुणी पाणी ओतलं नव्हतं.

पहाटेकडं दाजींचा रंग उतरला, श्वास लागला. मग बाहेरच्या चहाच्या गाड्यावर भाचीनं मला समजावून सांगितलं. दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. ते विषारी. मग दुसरं एक विकर त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसेटिक आम्ल करतं. सायनामाइड ते दुसरं विकर अडवतं. मी सरकारी भाषेत समजून घेतलं : फाईल पहिल्या टेबलावरून पुढं सरकली, दुसऱ्या टेबलावरचा माणूस रजेवर, आणि फायलींचा ढीग छतापर्यंत. 1914 मध्येच कोल्श नावाच्या जर्मन डॉक्टरनं सायनामाइडच्या कारखान्यातले कामगार दारू प्याले की असे लाल होतात, हे लिहून ठेवलं होतं. पुढं जपानसारख्या काही देशांत सायनामाइडचंच, मोजून मापून, दारू सोडवायचं औषधही झालं.

"म्हणजे तू बरोबरच केलंस की," मी म्हणालो.

"नाही मामा. चुकलंच." ती चहाच्या पेल्याकडं बघत होती. "डॉक्टर आत्ता मला तेच म्हणाले. ते औषध डॉक्टरांनी द्यायचं, तपासून, सांगून. शेतातली बादली त्यासाठी नाही. युरोपानं 2008 मध्ये ह्या पेस्टला मान्यताच नाकारली, लावणाऱ्या माणसाला धोका म्हणून. मला हे सगळं पाठ होतं. तरी मी बाबांना त्या बादलीपाशी उभं केलं. मला वाटलं, काहीतरी करून एकदा डोळे उघडू देत." थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी मला दोन वर्षं पहाटे चारला उठवलं ना, तसंच."

मी काही बोललो नाही. लातूर पॅटर्नला मीही टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्या नांदेडात अंथरुणात पडून.

दाजींनी मात्र एक विचित्र गोष्ट केली. दुपारी घरी आल्यावर ते सरळ बागेत गेले. मला वाटलं, आता बादली लाथाडतात की काय. ते एका वेलीपाशी बसले, काडी हातात धरली आणि मला बोलावलं.

"पाव्हणं, ही पेस्ट खत नाही बरं का. लोकांचा गैरसमज असतो. ही फक्त उठवते. उठल्यावर पहिली पानं येतात ना, ती काडीत आधी साठवलेल्यावर जगतात. आतमधी काही नसंल, तर डोळा फुटतो अन् नुसता हिरवा शेंडा येतो. वांझ." ते अंगठ्यानं काडी चाचपत राहिले. "2016 ला तोडली ती बाग चांगली भरलेली होती हो. काडी बोटाएवढी होती."

त्या बागेबद्दल ते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलले, असं अक्कानं मला नंतर सांगितलं. ती बांधावर उभी राहून ऐकत होती.

उरलेल्या दोन भागांची पेस्ट भाचीनं स्वतः कालवली. दाजींना बादलीपासून वीस हात लांब बसवलं. दिवाळीनंतर ते लातूरला एका डॉक्टरांकडं जाऊ लागले, आपल्या पायानं. हे काही गोष्टीतल्यासारखं एकदम झालं नाही. शिमग्याला एकदा घसरले. पुढच्या पोळ्याला एकदा घसरले. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी स्वतःच अक्काला सांगितलं आणि पुन्हा डॉक्टरकडं गेले. सगळे डोळे काही एकदम फुटत नाहीत. वेलीचे फुटतात, तेही औषध लावून.

माझ्या बाबतीत म्हणाल तर सुधारणा फारशी नाही. अहमदपूर मी अजून पाहिलेलं नाही. पण दर ऑक्टोबरला मळ्यात जातो, रेनकोट चढवतो आणि अर्धी ओळ काजळ घालतो. बाया हसतात. रात्री दाजींच्या शेजारी खाट टाकतो. जागल्या म्हणून आता कुणी नेमत नाही, पण मी आपला उगाच तासातासानं डोळा उघडून बघतो. ते झोपलेले असतात. गाढ.

यंदा मी पेस्ट लावून नांदेडला परत आलो. नवव्या दिवशी पहाटे पाच वाजता फोन वाजला. या वेळी आमच्या घरी फोन वाजला तर तो वाईट बातमीचाच, असं समजून मी धडपडत उठलो. पलीकडं दाजी होते. आवाज स्वच्छ. मागं कुठंतरी भारद्वाज ओरडत होता.

"पाव्हणं, झोपला होता का?"

"नाही नाही," मी खोटं बोललो.

"बॅटरी घेऊन आताच बागंत येऊन बघितलं. पोंग्यात आलीय बाग. या टोकापासून त्या टोकापर्यंत, समदे एकदम फुटलेत बघा."

"वा! वा!"

"तसं काही काम नव्हतं," दाजी म्हणाले. "उठलोच होतो, म्हटलं कुणाला तरी सांगावं."

फोन ठेवल्यावर मी पुन्हा आडवा झालो. पण त्या दिवशी काही झोप लागली नाही. गोदावरीवर उजाडताना मी पहिल्यांदाच बघितलं. बरं दिसतं.